पाण्याचं इंजेक्शन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — ती माझ्याच दवाखान्यात बसते, तरीही. मग तुम्हालाच का सांगतोय? माझ्या हेतूचा मलाच संशय येतोय, पण सांगतो.

मी सोलापुरात लहान मुलांचा डॉक्टर. पोरं खोटं बोलतात, आया वाढवून सांगतात, आज्यांचं तर विचारूच नका — अशाच नजरेनं मी कित्येक वर्षं पेशंट पाहिले. हल्ली मात्र तरुण बालरोगतज्ज्ञांना शिकवतो — मुलांच्या मनातली धास्ती ओळखायची कशी, ती हाताळायची कशी. शाळेच्या वेळेला पोट दुखणारं मूल नाटक करत नसतं, भीतीनं पोट खरोखर दुखतं, आधी त्याचं खरं माना, मग विचारा. बरा शिकवतो म्हणे. पण हे म्हणणारे नंतर माझ्यामागे काय बोलत असतील?

तिथं मी दर वेळी एका मुलीची गोष्ट सांगतो. तिला अंबिका म्हणू. बाप यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. शाळेची रिक्षा दारात आली की ही पोट धरून बसायची. तपासण्यांत काही नाही. मग गावाकडच्या एका बोगस डॉक्टरनं तिला नुसत्या पाण्याचं इंजेक्शन टोचलं. त्यात औषध नसतं, आग मात्र भयंकर होते. अजून दुखतंय का, विचारल्यावर ती घाईघाईनं नाही म्हणाली. झालं — नाटक पकडलं! इथं सगळे हसतात, मीही हसतो.

काही महिन्यांनी आई तिला माझ्याकडे घेऊन आली. ताप, उलट्या. आई म्हणाली, "तवापास्नं पोट दुखतंय म्हून कदी म्हनलीच न्हाय की. लई शानी झाली." मी पोटावर हात ठेवला, तर फळीसारखं कडक. दुखतंय का? तिनं आधी माझ्या सुयांच्या ट्रेकडे पाहिलं आणि मान हलवली — नाही. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, कशीबशी वाचली.

परवा मागच्या रांगेतल्या एका डॉक्टरणीनं विचारलं, "सर, ती तुमच्या ट्रेला का घाबरली?" साधा प्रश्न होता की तिनं मला ओळखलं होतं? मी म्हटलं, सुई कुणाचीही असो, मूल घाबरतंच. तिनं मान डोलावली — जरा जास्तच सावकाश.

बोगस डॉक्टर कुणी नव्हताच. ते पाणी मी टोचलं होतं. हळूहळू, मुद्दाम — दुखावं म्हणून.

आणि हे तर वर्गातही सांगत नाही. ऑपरेशनला पाठवताना मी अंबिकेलाच विचारलं, आधी का नाही सांगितलंस? आई तिच्यावर ओरडली — तोंड शिवलं हुतं का तुजं? मी तिथंच उभा होतो. मी आईला ओरडू दिलं.