पहिलीनं खाल्लेलं फळ

मरण जगात कसं आलं हे कोणी मला समजावून सांगायला लागलं, की आजही माझं डोकं फिरतं. बाग, बाई, साप आणि फळ. सांगणारा बहुतेक सज्जन असतो, त्याचा आवाज मऊ असतो, आणि आपण काही फार खोल सांगतो आहोत असं त्याला वाटत असतं. मी त्याला मध्येच थांबवते. ती गोष्ट आमच्या अंगणात एकदा सांगून झाली आहे आणि तिनं काय केलं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचं गाव शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. पावसावरची ज्वारी आणि मका, उन्हाळ्यात मोहाची फुलं, एरवी खाली बागायतीत मजुरी. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, दोन बायका. पहिलीला मूल होईना म्हणून त्यांनी दुसरी केली, ती माझी आई. यात आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नसे. दोघींची नावं घ्यायची गरज गावाला कधी पडलीच नाही. एक पहिली, एक दुसरी. ‘पहिली कुठं गेली?’ ‘पहिली लाकडाला गेली.’ ‘पहिलीला हाक मार.’ माझ्या कानावर तिचं खरं नाव आलं तेव्हा मी चांगली मोठी झाले होते, आणि ते कुणा परक्या बाईचं असावं असं मला वाटलं होतं.

मी तिला मोठी माय म्हणायचे. मला न्हाऊ घालणारी तीच, माझ्या उवा काढणारी तीच, आणि ‘पोरीला पुढं शिकवा’ म्हणून आबांशी भांडून मला शिरपूरला डी.एड.ला धाडणारीही तीच. माझ्या आईला शेतातून सवड नसे, आणि सवड मिळाली की ती झोपे. मला ते कधी खटकलं नाही. दोघी एकाच चुलीवर भाकरी करत आणि एकमेकींना शिव्याही घालत. घर चाललं होतं.

मग घरात प्रार्थना आली. आबांचं पोट वर्षभर दुखत होतं. धुळ्याहून एक पास्टर आमच्या भागात यायचे, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि पोट दुखायचं थांबलं. पोटानं थांबायचं ठरवलं होतं की हातानं थांबवलं, देव जाणे. आबा बदलले. त्यांनी दारू सोडली, ही गोष्ट मी मान्य करते. मोठे काका, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, तेही बदलले. आईनं आबांच्या मागून बाप्तिस्मा घेतला. मोठी माय मात्र हसली. “मना देव मना डोंगरमा शे,” एवढंच म्हणाली आणि डोंगराकडं नारळ घेऊन जातच राहिली. तेव्हापासून घरात तिचं ताट थोडं बाजूला सरकलं.

मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला असताना माझ्या धाकट्या भावाला हिवताप झाला. आईचा तो एकुलता एक मुलगा, नुकता शाळेत जायला लागलेला. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. पोरगं थरथरत होतं आणि आबा गुडघे टेकून बसले होते. शिरपूरला दवाखाना होता, रस्त्यावर एसटी होती, आणि मी तर शिरपुरातच होते. मला साधा निरोपसुद्धा धाडला नाही. दवाखाना म्हणजे देवाची परीक्षा पाहणं, ती पाहायची नाही म्हणे. मोठ्या मायनं पोराला गोधडीत गुंडाळून रस्त्याकडं न्यायला काढलं, तर नानांनी तिला दारातच अडवलं. पोरगं काही गिळेना. शेवटी तिनं डोंगरातून पिकलेलं सीताफळ आणलं आणि एकेक पाकळी बी काढून त्याच्या तोंडात घातली. तेवढं त्यानं खाल्लं. शेजारच्या बायकांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

तो गेल्याचा निरोप मिळून मी पोचले तेव्हा माती द्यायची तयारी झाली होती. पास्टर फटफटीवरून आले. अंगणात माणसं बसली, बाया एका अंगाला. पास्टर धुळ्यात शिकलेले, त्यांची मराठी पुस्तकी. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ती अर्धीच कळे. म्हणून नाना शेजारी उभे राहून वाक्यावाक्याला खानदेशीत सांगत. नाना चौथी पास होते आणि या कामाचा त्यांना फार अभिमान होता.

पास्टर म्हणाले, मनुष्य मरणासाठी निर्माण झालाच नव्हता. मग प्रथम स्त्रीनं मना केलेलं फळ खाल्लं, पुरुषालाही दिलं, आणि त्या पापाचा परिणाम म्हणून मरण जगात शिरलं.

नाना घसा खाकरून म्हणाले, “पहिलीनी फय खादं. दुसराले बी खावाले दिनं. म्हनीसन मरन उनं.”

मग एकेक मान वळली. मोठी माय बायांच्या मागं, भिंतीला टेकून बसली होती. तिलाही कळायला क्षणभर लागला. मला मात्र लगेच कळलं. पास्टरांना काहीच कळलं नाही. श्रोत्यांवर आपल्या बोलण्याचा परिणाम होतो आहे एवढंच त्यांना दिसलं असावं, कारण ते आणखी जोरात बोलू लागले. तिनं सर्पाचं ऐकलं, देवाचं ऐकलं नाही. नानांनी तेही सांगितलं. मोठ्या मायनं देवाचं ऐकलं नव्हतं हे तर सगळ्या गावाला ठाऊक होतं.

माझी आई उठली. “मना आंडोर तू खाई टाका!” असं किंचाळत ती मोठ्या मायच्या अंगावर धावली आणि तिचे केस धरले. तिच्या मुलाला, आंडोराला, जिनं मरताना घास भरवला तिचे केस. मी दोघींच्या मध्ये पडले. पुरुष बसून राहिले.

माती देऊन लोक परतले. पास्टर ओट्यावर चहा घेत होते. मी त्यांना सरळ म्हटलं, “तुमच्या बोलण्याचा लोकांनी वेगळाच अर्थ घेतला आहे. पहिली म्हणजे त्यांना आमची मोठी माय वाटली. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना बोलवा आणि सांगा.”

ते दचकले, हे मी नाकारत नाही. कपबशी खाली ठेवून म्हणाले, “अरेरे. ताई, माझा तसा उद्देश नव्हता.”

“उद्देश राहू द्या. सांगा.”

त्यांनी सांगितलंही. नाना, आबा आणि चार जाणती माणसं जमवली आणि म्हणाले, “ती स्त्री या बाई नव्हेत. ती फार पूर्वीची. ती सर्वांची आई. तिचं पाप आपणा सर्वांत आलं आहे, या बाईंतही आहे, तुमच्यातही आहे.” नानांनी त्यातलं आपल्याला हवं तेवढं उचललं आणि बाकीच्यांना सांगितलं, “पाप हिन्हामा शे.” झालं. पास्टर मान हलवत बसले. पाप हिच्यातच आहे असं नानांनी सांगितलं ते त्यांना कळलं नाही, आणि कळून घ्यायची घाई त्यांना धुळ्याला पोचण्याच्या घाईपुढं फार नव्हती.

मी विचारलं, “आणि माझा भाऊ? त्याला दोन अक्षरं गिरवता येत नव्हती. त्यानं कुठलं पाप केलं?”

“त्यानं स्वतः काही केलं नाही ताई. पण तो त्या पापातच जन्मला.”

“म्हणजे खाल्लं एकीनं आणि मेला हा.”

“तसं नाही...”

“तसंच आहे. तुम्हीच आत्ता सांगितलं.”

त्यांनी कपबशी पुन्हा उचलली. मी फार चिडले होते. कारण माझ्या तेव्हाच ध्यानात आलं की गावाची चूक फक्त बाईत झाली होती. बाकी सगळं गावाला अगदी बरोबर कळलं होतं. कुणीतरी खायचं, तिसऱ्यानं मरायचं, आणि खाणारी बाई असायची. डास नाही, अडवलेलं दार नाही, न पकडलेली एसटी नाही. एवढ्या सगळ्यावर एका फळाचं पांघरूण घालता येतं, आणि ज्यानं दार अडवलं तोच वर उभा राहून भाषांतर करू शकतो. असलं सोयीचं तत्त्व मी दुसरं पाहिलं नाही. पुढं पुष्कळ शिकलेल्या लोकांनी मला त्याचा खरा, खोल अर्थ समजावला. असेल खोल. आमच्या अंगणात तो घोट्याइतकाच होता आणि त्यात एक बाई बुडाली.

संध्याकाळी नानांनी निकाल दिला, “आते हाई घरमा नको.” हिला माहेरी, भावाकडं धाडायचं. आईनं तोंड फिरवलं. मी आबांसमोर ओरडले, नानांना नको नको ते बोलले, दवाखान्याचं नाव घेतलं. आबा खाटेवर बसून जमिनीकडं पाहत राहिले. त्यांनी एक शब्द काढला असता तर कुणाची छाती नव्हती तिला घालवायची. घर त्यांचं होतं, बायको त्यांची होती, त्यांच्याबरोबर ती माझ्या वयाहून जास्त वर्षं नांदली होती.

सकाळी मोठी माय गाठोडं बांधत बसली. मी शेजारी बसून तिला पुन्हा समजावत होते, की ती गोष्ट तुझी नव्हेच, पुस्तकातली आहे. तिचे डोळे सुजले होते. ती खरंच मनाला लावून बसली होती की आपल्या हातच्या सीताफळानं पोर मेलं. मी सांगत होते, ती ऐकत होती. मग गाठ मारता मारता तिनं विचारलं, “ती पहिलीले कोनी काढं?”

“देवनी,” मी म्हणाले. “बागमाईन बाहेर काढं.”

“आनि तिना मानूस? तो तठेच राहिना?”

मी हॉस्टेलात शेजारणीच्या पुस्तकातून ती पानं वाचली होती. “नही,” मी म्हणाले. “तो बी गया. तिनासंगेच.”

तिनं हात थांबवला. “त्यानी बी फय खादं व्हतं?”

“खादं व्हतं.”

“आनि तो संगे गया.”

“गया.”

ती उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि आबांच्या खाटेपुढं जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, रडली नाही. “आयकं का?” ती म्हणाली. “तो तिनासंगे गया व्हता.”

आबांनी मान वर केली नाही. तिनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं. मग रस्त्याकडं चालू लागली, आणि मी तिच्याबरोबर गेले.