पंपरूमजवळचा पांगारा

सई आणि चिन्मय, आजोबांचे शेवटचे दिवस कसे गेले ते बाबाने तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. त्यात मी आणखी काय सांगणार... पण गेल्या आठवड्यात होळीसाठी सोसायटीची मीटिंग झाली, आणि वाटलं, पांगाऱ्याची हकिगत तुम्हाला आताच लिहून पाठवावी.

बँकेतून निवृत्त झाल्यावर आजोबा आणि मी गिरगावातून इथे नवघरला राहायला आलो. त्यांना करमणार नाही अशी मला धास्ती होती. पण पहिल्याच आठवड्यात ते मिठागरांकडे फिरायला जाऊ लागले. पावसाळ्यात बांधावरची रानफुलं, हिवाळ्यात खाडीवरचे रोहित पक्षी. उशिरा परतले की मी कुरकुरायची. ते म्हणायचे, "अगं, चहा पुन्हा गरम करता येतो. खंड्या पुन्हा तिथेच बसत नाही."

आमच्या पंपरूमजवळ पांगारा आहे. थंडीत त्याची सगळी पानं गळतात. ते पाहून पहिल्याच वर्षी सेक्रेटरी मेहताभाईंनी ठरवलं, झाड मेलंय, होळीला तेच जाळू. तोडणारा माणूस कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा आजोबा बनियनवरच खाली धावले.

"मेहताभाई, ये मरा नहीं है. सिर्फ पत्ते गिरे हैं."

"काका, दो महिने से ऐसा ही है. अब डॉक्टर का सर्टिफिकेट लाओगे क्या?"

सगळे हसले, आजोबाही. मग त्यांनी फांदीची साल नखाने खरवडली. आत हिरवंगार. मेहताभाई वाकून बघत राहिले, म्हणाले, "ठीक है, मगर बच्चे लोग जलाएंगे क्या?"

प्रश्न बरोबर होता. आजोबा रिक्षा करून खारी गावात गेले आणि नारळाच्या वाळक्या झावळ्या घेऊन आले. झावळ्यांमागे त्यांचं तोंडही दिसत नव्हतं. होळी भडकली आणि लगेच विझली, मुलं रुसली. त्या वर्षी पांगारा उशिरा, होळीनंतर फुलला. लालभडक. मैना, बुलबुल, कावळे, सगळ्यांची झुंबड. मेहताभाईंनी खालून हाक मारली, "काका, आपका पेशंट देखो!"

गेल्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "वो सूखा पेड़ है ना, वही काट लो." मी बोलायला उठले.

मेहताभाईंनी कागदावरून मानही वर केली नाही. "नहीं. लकड़ी बाहर से आएगी. आगे बोलो, टँकर का क्या हुआ?"

पांगारा उभा आहे. पानं नाहीत, फुलं अजून यायची आहेत.