पासिंगपुरता

त्याला सगळे विट्या म्हणायचे. वय अठ्ठावन्न, त्यातली तीस वर्षं ब्रेकच्या कामात गेलेली, तरी विट्याच. कारण दिसेल त्या उभ्या चाकामागे हा माणूस वीट लावायचा. गॅरेजातल्या ट्रकला लावली तर ठीक. हा गल्लीतल्या स्कूटरला लावायचा, भाजीच्या हातगाडीला लावायचा, एकदा तर बाळाच्या ढकलगाडीलाही लावली.

"विट्या, आमच्या म्हातारीमागेही एक लाव रे, दिवसभर गल्ली फिरते!" शेजारचा पत्रेवाला ओरडायचा आणि सगळं गॅरेज हसायचं. हसायला काय, भांडवल थोडंच लागतं! विट्या मात्र कधी हसला नाही.

त्याला आवाज यायचे. हँडब्रेकचा दांडा ओढला की दातांवरून कट् कट् करत चढतो, तो आवाज. बायको बोटं मोडायची तेव्हा यायचा, कपाटाला कडी घालताना यायचा. तो मोजायचा. एक, दोन, तीन. तिसऱ्याला थांबला की भर उन्हात अंगावर काटा.

त्याला कारण होतं. नीट जुळवलेला हँडब्रेक पाच-सहा दातांवर पकडतो. तिसऱ्याच दाताला पकडला, तर समजावं की कुणीतरी नुसती केबल आवळली आहे. आतले ब्रेक-शू, म्हणजे चाक आतून दाबून धरणारे पट्टे, झिजलेले तसेच. तपासणीच्या दिवशी गाडी खांबासारखी उभी राहते, साहेब शिक्का मारतो, आठवडाभरात केबल सैल पडते. कागदाला ब्रेक लागतो, गाडीला नाही. या कामाला लाईनीत एक गोंडस नाव आहे, 'पासिंगपुरता'. मालक मागतो, मिस्त्री देतो, साहेब बघत नाही. मरतो तो चौथाच.

नऊ वर्षांपूर्वी तो चौथा म्हणजे विट्याचा सख्खा मेव्हणा होता. घाईत होता बिचारा. "पासिंगपुरता करून देतो, मग निवांत बघू," विट्या म्हणाला होता. "दाजी म्हणतात म्हणजे झालंच," म्हणून मेव्हणा गेला. बाराव्या दिवशी चढावर गाडी लावून मागे मालाचा दोर सोडत होता. गाडी मागे आली. पाठीशी भिंत होती.

पंचनाम्यात जाणकार म्हणून विट्यालाच विचारलं. "गिअरमध्ये नव्हती," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. त्या अर्ध्यावर सगळ्या घराने मेलेल्या माणसाला विसरभोळा ठरवलं.

आणि आज सकाळी तीच गाडी दारात उभी. चालवत आली होती मेव्हण्याची बायको. नवरा गेल्यावर तिने लायसन्स काढलं, गाडी विकली नाही, पण हँडब्रेकचं काम निघालं की विट्याच तिला दरवेळी पलीकडच्या गॅरेजात पाठवायचा. ते गॅरेज आज बंद होतं.

"दाजी, बाराला पासिंग आहे. आज चुकलं तर पुढची तारीख महिन्याने. गाडी महिनाभर उभी राहिली की सिमेंटवाला दुसरी लावेल. मग मी काय खाऊ, टायर?"

विट्याने आत बसून दांडा ओढला. अकरा दात चढले, तरी पकड नाही. खाली वाकून पाहिलं, शू पार संपलेले.

"दिवस लागेल, वहिनी. चाकं उघडावी लागतील."

"दिवस कुठून आणू? पासिंगपुरता करा, मग निवांत बघू."

शब्द तेच, पण तिच्या तोंडून. विट्याच्या हातातला पाना खाली पडला. तो चाकाला टेकून बसला.

"काय झालं? पाणी देऊ?"

"तेव्हाही मी हेच केलं होतं," तो म्हणाला. "हेच शब्द. नुसती केबल आवळली होती मी. गिअरचं पुढं केलं, केबलचं गिळलं."

पत्रेवाल्याचा हातोडा ठोकत राहिला.

"नऊ वर्षं," ती म्हणाली, "नऊ वर्षं मी त्यांना शिव्या घातल्या. फोटोसमोर उभं राहून. गिअर टाकायला काय हात मोडले होते का, म्हणून."

"वहिनी..."

"वहिनी म्हणू नका. चाकं उघडा."

"तारीख?"

"खड्ड्यात गेली तारीख."

दिवसभर ती स्टुलावरून उठली नाही. त्याने शू बदलले, चाक हाताने फिरवत ते घासेपर्यंत आवळले, मग जरासे मोकळे सोडले, आणि केबलला सगळ्यात शेवटी हात लावला. संध्याकाळी तिने गाडी गॅरेजामागच्या चढावर घेतली, हँडब्रेक ओढला आणि खिडकीतून म्हणाली, "मागे जाऊन उभे राहा."

तो गेला. वीट उचलायला वाकला.

"वीट नको."

तिने गिअर काढला. पायाखालचा ब्रेक सोडला. गाडी अंगठाभर मागे सरकली आणि थांबली. विट्याचे डोळे मिटलेलेच होते. आपण जिवंत आहोत, याची त्याला लाज वाटली.

"या, बसा," तिने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. "सासूबाई घरी आहेत. पोराला विसरभोळा मीच वाढवला, म्हणत म्हातारी अजून देवाला तोंड दाखवत नाही. मला सांगितलंत तसं त्यांना सांगा. तुमच्याही सासूबाईच आहेत."

"आज?"

"मग काय, महिन्याने?"

हात पुसायला तो फडकं शोधू लागला. "राहू द्या," ती म्हणाली. "तसेच चला."