नानांसाठी घेतलेली रायफल

नेदरलँड्समधल्या आमच्या हार्लेमच्या मराठी मंडळात शिकारी एकच, विश्वास रणपिसे. आठवडाभर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून बसणारा हा गृहस्थ शनिवारी हिरवी टोपी चढवून हरणं मारायला जायचा. बायको मृदुला अंडंसुद्धा न खाणारी, त्यामुळे मांसाचा फ्रीज मागच्या शेडमध्ये, सायकलींच्या शेजारी. मी त्यांच्यापासून दोन घरं पलीकडे राहते. नोकरीला कंटाळलेल्या पुरुषांना असली खुळं सुचतात, असं मी त्याला तोंडावर म्हटलं होतं. तो नुसता हसला.

खूळ नव्हतं ते. विश्वासचे वडील, नाना, पासष्टच्या लढाईत जवान होते. पुढे पुण्यात एका गोदामावर पहारेकरी म्हणून उरलेली नोकरी झाली, पण बोलायचे ते एकाच वस्तूबद्दल, लष्करात हाताळलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलबद्दल. लहानग्या विश्वासला मांडीवर घेऊनही तिच्याच गोष्टी. मुलगा शिकला, परदेशी आला, आणि बापलेकांत बोलण्यासारखं फारसं उरलं नाही. जेवलास का, थंडी किती आहे, बरं ठेवतो.

मग आमच्याच गल्लीतल्या वीम नावाच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या बंदुका ठेवायच्या तिजोरीत विश्वासने तशीच एक रायफल पाहिली. युद्धानंतर सैन्यांनी विकून टाकलेल्या अशा जुन्या रायफली इथले काही जण अजून शिकारीला वापरतात. विश्वास हट्टालाच पेटला. शिकारीची परीक्षा दिली, पोलिसांनी घरी येऊन तिजोरी तपासली, आणि परवाना हातात पडल्यावर त्याने वीमकडून तीच रायफल घेतली. नाना मे महिन्यात येणार होते. तिकीट काढून झालं होतं. साल होतं दोन हजार वीस, तेव्हा पुढचं वेगळं सांगायला नको.

नाना काही आले नाहीत. त्याऐवजी दर रविवारी विश्वास शेडमध्ये बसून व्हिडिओ कॉल लावायचा. नाना बघायचे कमी, ऐकायचे जास्त. बोल्ट ओढ, म्हणायचे. विश्वास रिकाम्या रायफलचा बोल्ट खटकन मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. नाना डोळे मिटून ऐकायचे आणि न चुकता म्हणायचे, तेल कमी आहे. मग खंदकातल्या सोबत्यांच्या गोष्टी निघायच्या, घरात कुणालाच न सांगितलेल्या. त्या एका वर्षात हे दोघं जेवढं बोलले तेवढं अख्ख्या जन्मात बोलले नव्हते, असं मृदुला म्हणते.

शिकारीचं मात्र नानांना कौतुक नव्हतं. पहिलं हरीण पडलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, त्याच्या तोंडात पाणी घातलंस का. विश्वासने सांगितलं, इथे हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची रीत आहे, शेवटचा घास म्हणून. नाना म्हणाले, बरं करतात.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये नाना आजारी पडले आणि आपल्या लोकांनी आपलं नेहमीचं केलं. परदेशातल्या मुलाला सांगितलंच नाही. उगाच काळजी करेल, विमानांचा भरवसा नाही, येऊन तरी काय करणार. मला या पद्धतीची मनापासून चीड आहे. माझ्या आईचं ऑपरेशन मला टाके काढल्यावर कळलं होतं. विश्वासची बहीण सुचित्रा सांगायला निघाली होती, तर नानांनीच तिला अडवलं. शनिवारी त्याची शिकार आहे, म्हणाले, रविवारी मी बोलेनच.

त्या शनिवारी पहाटे विश्वास आणि वीम आपेलडोर्नच्या पुढे रानाच्या कडेला मचाणावर बसले होते. मचाणावर फोन बंद, हा वीमचा कडक नियम. उजाडता उजाडता एक नर झाडीतून बाहेर आला. एका गोळीत पडला. विश्वासने पाइनची डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवली आणि टोपी काढून उभा राहिला. वीमने त्याची पाठ थोपटली. सगळं रीतसर झालं.

गाडीत बसून फोन सुरू केला तर पुण्याच्या एका अनोळखी नंबरचे कॉल एकाखाली एक येऊन पडले होते. नंबर नाना होते त्या कोविड वॉर्डातल्या नर्सचा होता. सुचित्राला आत सोडत नव्हते. घशात श्वासाची नळी घालण्याआधी नानांनी नर्सला मुलाचा फोन लावायला सांगितलं होतं. बोलण्याइतका श्वास उरला नव्हता, त्यांना फक्त बोल्ट ऐकायचा होता. विश्वासने उलट फोन केला तोवर नळी घालून झाली होती. नाना पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. दोन दिवसांनी गेले, आणि प्लास्टिकमध्ये बांधलेला देह सुचित्राला लांबूनच पाहावा लागला.

मी भेटायला गेले तेव्हा विश्वास शेडमध्ये फ्रीजला पाठ टेकून खाली बसला होता. तो म्हणाला, "मंजूषाताई, हरणाच्या तोंडात मी डहाळी ठेवली. नानांच्या तोंडात तुळशीचं पानसुद्धा कुणी ठेवलं नाही." मग म्हणाला, "फोन माझ्या खिशातच होता."

त्यानंतर तो शिकारीला गेला नाही. पुढच्या मार्चमध्ये परवान्याची मुदत संपली, त्याने नवा काढला नाही. रायफल विकायला निघाला तेव्हा मृदुलाने मला त्याच्याबरोबर धाडलं. बंदुकांचा दुकानदार कामाशी काम ठेवणारा माणूस. त्याने रायफल उचलली, बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला, नळीत डोकावून किंमत सांगितली. विश्वासने दुकानदाराला डचमध्ये विनंती केली, बोल्ट पुन्हा एकदा ओढाल का. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि ओढला.

विश्वास डोळे मिटून उभा होता.

"तेल कमी आहे," तो मराठीत म्हणाला.