घड्याळजींच्या कपाटातलं पोळं

घड्याळजींचे कान गेले तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. बिघाड ते कानानेच शोधत. टिकटिक लंगडतेय का, हे झाकण उघडायच्या आधी सांगत. ऐकू येईनासं झालं तसं त्यांनी दुकान बंद केलं. कोणी मोठ्याने बोललं की ते वैतागत. मग हळूहळू घरात त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं उरलं.

मागच्या खोलीत भिंतीतलं कपाट होतं. बाहेरून दोन विटांमधला चुना पडला होता. त्या फटीतून मधमाश्या आत शिरून पोळं बांधत होत्या. गुणगुण पहिल्यांदा ऐकली ती बायकोने. सुनेने लगेच औषध फवारणाऱ्याला बोलवायचं ठरवलं.

घड्याळजींनी कपाटाच्या दाराला तळहात टेकला आणि आतली थरथर हाताला जाणवेपर्यंत तो तसाच ठेवला.

"मारू नका," ते म्हणाले. "मध मी काढतो."

"बाबा, चावतील त्या," सून खुणा करत म्हणाली.

"चावू देत. एवढी वर्षं घड्याळं उघडली, एकही चावलं नाही."

लहानपणी त्यांनी मामाला मोहोळ काढताना पाहिलं होतं. पण माश्या चिडल्या तर कळायचं कसं? तोड बायकोनेच काढली. "चिडल्या की आवाज चढतो. मी मागे उभी राहते. पाठीवर हात ठेवला की थांबायचं."

"आणि उचललास की?"

"उचलला की कामाला लागा."

तिचं हे बोलणं त्यांनी ओठांवरून वाचलं.

सकाळी जुन्या मच्छरदाणीचे दोन तुकडे करून दोघांनी डोक्यावरून घेतले. डब्यात गोणपाटाचा तुकडा धुमसत ठेवला. दार उघडलं तर आत सात पोळी मांडणीतल्या ताटांसारखी ओळीने लटकत होती. अलीकडच्या कडेची दोन मधाने भरलेली होती. ती त्यांनी पातळ पात्याने अलगद कापून पातेल्यात उतरवली. तिसऱ्याला डोळ्याचं भिंग लावून पाहिलं. घराघरांत पांढरी पिल्लं होती. त्याला हात लावला नाही.

दोनदा पाठीवर हात आला, दोनदा ते थांबले. तिसऱ्यांदा हात आला तेव्हा मात्र पलीकडच्या कडेचं पोळं मोहात पाडत होतं. त्यांनी हात पुढे केला आणि मनगटावर पाच डंख बसले.

बायकोने त्यांना ओढून बाहेर आणलं, नखाने काटे खरवडून काढले. "कान गेले ते गेले, अक्कल कुठे गेली?"

वर्षभरात ती त्यांना अशी बोलली नव्हती. ते हसले. मग तीही हसली, पण मनगट सोडलं नाही.

मध निघाला अडीच बरण्या, काळसर आणि किंचित कडवट. एक बरणी शेजारी गेली. पंधरा दिवसांनी शेजाऱ्याच्या भावाने आपल्या जिन्यातलं पोळं काढायला बोलावलं. दोघं गेली. पुढे इतरही बोलावू लागले, आणि घड्याळजींच्या बायकोला कधी सवड आहे ते आधी विचारू लागले.

कपाटातल्या माश्या उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी आपण होऊन निघून गेल्या. सुनेने उरलेलं मेण खरवडलं, फट बुजवून घेतली आणि आत जादा अंथरुणं ठेवली.