चालणं ठाऊक नसलेला मामेभाऊ

चालणं ही क्रिया माझ्या मामेभावाला देवाने शिकवलीच नव्हती. तो एक तर झोपलेला असे किंवा धावत असे; मधली अवस्था त्याच्याकडे नव्हती. विहिरीवर अंघोळीला तो धावत जाई, अर्ध्या ओल्या अंगाने धावत परत येई आणि जेवायला बसला की आमचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत तो हात धुऊन अंगणात उभा. मी शाळेसाठी मामाकडेच राहायला होतो, आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे नागरा गावाच्या पलीकडच्या आमच्या गावाहून गोंदियाच्या शाळेपर्यंतचा रस्ता मी त्याच्या मागे धापा टाकत काढला आहे. वाटेतल्या देवळासमोरही तो थांबत नसे. धावता धावताच महादेवाला हात जोडायचा आणि म्हणायचा, "त्याले समजते गा, आपल्याले उशीर झाला."

ही घाई त्याच्या डोक्यातही होती. गणित म्हणजे त्याचा जीव की प्राण. आम्ही फळ्यावरचं उदाहरण वहीत उतरवून घेईपर्यंत हा उत्तर सांगून खिडकीबाहेर बघत बसलेला. खळ्यावर धानाची मळणी चालू असताना हा काडीने जमिनीवर वर्तुळं काढी, आणि मामी त्यावरूनच सूप घेऊन गेली की अख्ख्या भूमितीवर पाणी पडल्यासारखा कळवळे. एकदा हेडमास्तरांनी पाऊण फळा भरून एक उदाहरण सोडवलं आणि आम्हा सगळ्यांकडे मोठ्या अभिमानाने पाहिलं. हा उठून म्हणाला, "उत्तर बरोबर आहे जी, पण वाट लंबी आहे." मास्तर भले गृहस्थ. त्यांनी खडू त्याच्या हातात दिला, याने तीन ओळींत तेच उत्तर आणलं, आणि त्या दिवसापासून मास्तर त्याचे भक्त झाले. मी गणितात ज्या सातत्याने गचकत होतो, त्याकडे मग कोणाचं लक्षच राहिलं नाही. हेही त्याचे माझ्यावरचे उपकारच.

गणिताच्या जोडीला त्याचं दुसरं वेड म्हणजे पाखऱ्या आणि चांद्या. हे पटाचे बैल. आमच्याकडे धान निघून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की गावोगावी शंकरपट भरतो. हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपायची आणि वाऱ्यासारखी सोडायची. हे दोघे गोऱ्हे असल्यापासून याने वाढवलेले. पाव्हण्यांना आमच्या घरी काळा चहा मिळे, कारण दूध बैलांसाठी राखलेलं असे. पटाच्या बैलाला कधी ओझ्याच्या गाडीला जुंपायचं नाही, हा मामाचा कायदा होता आणि तो मोडायची छाती गावात कोणाची नव्हती. छकड्यावर हाच बसे, आणि जोडी सुटली की तिघांत जास्त जोरात कोण पळतंय ते सांगता येत नसे. चांद्या तर त्याचा इतका लाडका, की आजारपणात याच्या हातून खाई, दुसऱ्याच्या हाताला तोंड लावत नसे.

मॅट्रिकचा निकाल लागला आणि या दोन वेडांची टक्कर झाली. हेडमास्तर स्वतः सायकल मारत घरी आले. नागपूरच्या कॉलेजात गणिताचे एक मोठे प्रोफेसर होते. या पोराला त्यांच्याच हाताखाली घाला, असं त्यांनी मामाला हात जोडून सांगितलं. इकडे गोंदियातही नुकतंच कॉलेज निघालं होतं. तिथे गणिताचा वर्ग नव्हता. पण संध्याकाळी घरी येऊन बैलांना वैरण घालता आली असती. मामा मोठा जमीनदार, बोलायला कंजूष. एवढंच म्हणाला, "शिकाचं तुले आहे. तूच सांग." आयुष्यात प्रथमच माझ्या मामेभावाला उत्तर चटकन येईना. तो जेवता जेवता नागपूरला जाई आणि हात धुता धुता गोंदियाला परत येई. गावातल्या प्रत्येकाला विचारून झालं. शेवटी एका सकाळी त्याने मला गदागदा हलवून उठवलं. त्याचे डोळे असे चमकत होते, की मला वाटलं आता हा बैलांनाच कॉलेजात घालणार.

त्याने पट लावायचं ठरवलं होतं. पाखऱ्या म्हणजे नागपूर, चांद्या म्हणजे गोंदिया. ज्याचं नाक रेघेपार आधी, ते कॉलेज पक्कं. रोहिणी नक्षत्र कोरडं गेलं होतं, जमीन टणक होती. बातमी गावभर झाली आणि ऐन जेठ महिन्यात आमच्याकडे जत्रा लोटली. निम्मं गाव नागपूरकडे, निम्मं गोंदियाकडे. चुन्याची रेघ आखली, तिच्या एका टोकाला हेडमास्तर धोतर खोचून बसले, दुसऱ्या टोकाला मामा. मीही वेड्यासारखा ओरडत होतो; कोणाच्या बाजूने ते आठवत नाही. जोडी सुटली, धुळीचा लोट उठला, छकडा रेघेपार गेला, आणि मास्तर व मामा एकमेकांकडे बघत राहिले. नाकं बरोबरीत होती. मामाने शांतपणे मिशीवरची धूळ झटकली. "एका जुवात जुपले त संगच येतीन नं," तो म्हणाला. सगळं गाव पोट धरून हसलं. एवढा गणिती पोरगा, त्याला हे सुचलं नव्हतं. आणि खरं म्हणजे गावात कोणालाच सुचलं नव्हतं.

पण मामी हसत नव्हती. ती वळून छकड्याजवळ गेली आणि तिने पोराला हळूच विचारलं, "तू चांद्याचा कासरा काऊन वढून राहिला होता?"

त्याने हातातल्या कासऱ्याकडे पाहिलं आणि तो छकड्यावरून खाली उतरला. चांद्याला गोंदिया हे नाव त्यानेच दिलं होतं, आणि त्यालाच मागे ठेवायला त्याने सारा जोर लावला होता. त्याला नागपूरचं गणित हवं होतं, हे त्याच्या हातांना त्याच्याआधी कळलं होतं. "मले नागपूरले जायाचं आहे, माय," तो म्हणाला, आणि चांद्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. मग आम्हीही कोणी हसलो नाही.

जायच्या दिवशी मी बाहेर आलो तर दारात ओझ्याची बैलगाडी उभी, ट्रंक चढवलेली, आणि जुवाखाली पाखऱ्या आणि चांद्या. मामाने स्वतःचा कायदा स्वतःच्या हाताने मोडला होता आणि कोणाकडे न बघता कासरा धरून बसला होता. आता पटाच्या बैलांना ओझ्याची चाल कुठून येणार? मामा "हळू, हळू" म्हणत राहिला आणि ते दोघे अशी धूम पळाले, की नागरा कधी मागे पडलं कळलं नाही. स्टेशनवर पोचलो तेव्हा आगगाडीला अजून खूप अवकाश होता. मामेभाऊ खाली उतरला, चांद्याच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला.

"आज त हळू चालाचं होतं रे," तो म्हणाला.

चालणं हा शब्द त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पुढे तो नागपूरलाच गणिताचा प्रोफेसर झाला. पाखऱ्या-चांद्या म्हातारे होऊन घरच्या गोठ्यातच वारले. तो नागपूरला गेल्यावर त्यांना कोणी पटात उतरवलं नाही. मी कधी त्याच्याकडे गेलो की परतताना तो मला स्टेशनवर सोडायला येतो. घरापासून स्टेशन जवळ आहे, सरळ रस्ता आहे. पण तो मला बाजारातून नेतो, मग तलावाच्या कडेने, मग पुन्हा एका गल्लीतून, आणि माझा हात धरून सावकाश चालतो. वाट लांबची आहे हे त्याला कोणी सांगायला नको. मीही सांगत नाही.