रक्ताचे मार्क

सातवीत गणितानं मला शाळेबाहेर काढलं. त्यानंतर कुणी माझे मार्क विचारले नव्हते. दोन हजार सालानंतर शहापूरजवळ किन्हवलीत भातगिरणीवर कामाला होतो, तेव्हा ते पुन्हा सुरू झाले, तेही रक्ताचे.

गाव माझं परभणीकडचं. इथं एका मावशींच्या पडवीत भाड्यानं राहायचो. शौचाला रक्त पडायचं. गिरणीत ज्याला त्याला मूळव्याधीवरचं औषध पाठ. त्यांच्या नादानं इतका सुरण खाल्ला, की शेवटी सुरणच मला बघून तोंड फिरवायला लागला. मावशींनी मात्र दटावून शहापूरला डॉक्टरकडं नेलं. तिथून मुंबई. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा गेला, मी उरलो. ते उपकार मावशींचे.

डॉक्टर म्हणाले, रक्तात सीईए नावाचा मार्कर असतो. तुमचा चढला होता, आता उतरलाय. अधूनमधून मोजायचा, पुन्हा चढला तर आजार परतलाय का ते शोधायचं. मावशींना मी सोपं करून सांगितलं, रक्ताला मार्क देतात. कमी चांगले की जास्त, ते सांगायचं राहिलं.

पुढच्या खेपेला शहापूरची नेहमीची लॅब बंद, म्हणून कल्याणला रक्त दिलं. आकडा वाढून आला. कागद धरून पडवीत बसलो. मावशींनी मार्क विचारले. वाढले, म्हणालो. त्या आत जाऊन साखर घेऊन आल्या.

"खा. आमच्या पोराचं कदी वाढलं नाय."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मार्कांवर कुणी खूश झालं होतं. साखर तोंडात घेतली आणि रडायला लागलो. मग सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासोबत डॉक्टरकडं आल्या. डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, ही लॅब वेगळी ना? प्रत्येक लॅबची मोजायची पद्धत वेगळी, हे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. जुन्याच लॅबमध्ये पुन्हा करा, वर सीटी स्कॅनही काढा.

"दुसऱ्या शाळंत पेपर दिलास काय रे?" मावशी म्हणाल्या. डॉक्टर हसले. मला हसू येईना.

स्कॅन स्वच्छ आला. आकडा जुन्या जागी, खाली. परतताना एसटीत मावशींनी खात्री करून घेतली.

"मंजे नापास ना?"

"नापास."

पुढच्या सीटवरचा म्हातारा कळवळून वळला. ऑक्टोबरला परत बसता येतं, म्हणाला.

"नको रे बाबा," मावशी म्हणाल्या, "याला नापासच ऱ्हाऊ दे."